एमजीबीत टर्बो इंजिन: नाकापेक्षा मोती जड होईल का?

सांगली_ते_कव्हेंट्री

मंडळी, नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझ्याकडे १९७२ ची एमजीबी जीटी आहे, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. उजव्या स्टिअरिंगची, क्रोम बंपरची. रंग मूळचा गडद हिरवा, आता निम्मा प्रायमर. नऊ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांकडून घेतली. किल्ली हातात देताना म्हणाले, "हिला पावसात काढू नकोस." आता इंग्लंडात राहून पावसात गाडी काढायची नाही म्हणजे वर्षाकाठी दहा दिवस चालवायची, आणि तशीच चालवतोय.

मार्चमध्ये कॉम्प्रेशन तपासलं. पहिले तीन सिलिंडर १५५ ते १६० पीएसआय, चौथा ९०. चौथ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा बघितलं तर १३५. म्हणजे वॉल्व्ह नव्हे, रिंगा गेल्यात. मागून निळा धूर निघतो आणि शेजारीण खिडक्या लावून घेते. बोअर, पिस्टन, क्रँक, हेडमध्ये अनलेडेड पेट्रोलसाठी कडक सीटा, असं सगळं धरून साडेतीन हजार पाउंडांचा अंदाज मिळालाय. एवढं ओतून पुन्हा तेच ९५ घोड्यांचं इंजिन, आणि तेही नवं असतानाचे ९५.

आणि त्याच आठवड्यात ऑफिसातल्या मित्राच्या मेहुण्याची २००२ ची फोक्सवॅगन पसाट मागून ठोकली गेली. पुढचं सगळं शाबूत. १.८ टर्बो, २० वॉल्व्ह, १५० अश्वशक्ती. इंजिन, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), किल्ली, सगळं ३०० पाउंडात द्यायला तयार आहे. मला भुरळ पडली ती आकड्यांची. माझं इंजिन १७९८ सीसी, हे १७८१. म्हणजे १७ सीसी कमीच! आणि टॉर्क माझा १५० न्यूटन-मीटरच्या आसपास, तर याचा २१०, तोही १७५० आरपीएमपासून ४६०० पर्यंत सपाट.

मला रेस खेळायची नाही. एम-६ मोटरवेवर ट्रकच्या मागे जीव मुठीत धरून न चालता वेल्सच्या डोंगरात बायकोला घेऊन जाता यावं, एवढीच माफक हौस आहे. बॉनेटखाली टेप लावून मोजलं तर लांबी-रुंदीत बसेल असं वाटतंय. गिअरबॉक्स कुठला जोडू? मागचा एक्सल टिकेल का? उष्णतेचं काय? कुणी हा उद्योग केलाय का, की मीच पहिला शहाणा?

अर्धवट_मेकॅनिक

टर्बोवाली एमजी हवी तर शोरूममध्ये जा की राव. हेक्टर मिळते, १.५ टर्बो, वर सनरूफ. पावसातही चालते.

पेठेतला_फियाटवाला

वरच्या विनोदाकडे दुर्लक्ष करा. एमजी म्हटल्यावर आजच्या पोरांना हेक्टर आठवते, त्यांचा दोष नाही.

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. १९६२ ते १९८० ॲबिंग्डनच्या कारखान्यात जी गाडी तयार झाली तिचा आत्मा त्या दोन एसयू कार्बोरेटरांच्या फुसफुशीत आहे. त्या जागी पसाटचं इंजिन म्हणजे पैठणीला चेन लावण्यातला प्रकार. साडेतीन हजार पाउंड जास्त वाटतात, पण पुढची तीस वर्षं बघायला नको. मी माझ्या फियाट ११०० चं इंजिन दोनदा बांधलं, दोन्ही वेळा घरच्यांनी वेड्यात काढलं, गाडी अजून चालते.

तुम्ही तिकडे आहात म्हणून सुटाल. भारतात असता तर आधी कायद्यानेच अडवलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल बघा: कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल चालत नाही. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नंबरप्लेट मिळते, तिची अटच आहे की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको.

सांगली_ते_कव्हेंट्री

काका, राग कसला. पण खुद्द कंपनीनेच १९७३ ला हिच्यात रोव्हरचं साडेतीन लिटरचं व्ही-८ बसवलं होतं ना? मग आत्मा तेव्हाच बदलला म्हणायचा. (पैठणीचं बायकोला वाचून दाखवलं. ती तुमच्या बाजूने आहे.)

गिरगावची_गाडीवाली

उशिरा बघितला धागा. मी हा उद्योग केलाय, म्हणून सविस्तर लिहिते. मी लेस्टरजवळ राहते, गाडी १९६९ ची एमजीबी रोडस्टर, सव्वीस महिने शनिवार-रविवार गेले. पहिल्या सहा महिन्यांत जे शिकले ते आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता.

तुम्ही लांबी-रुंदी मोजलीत. एक गोष्ट बघितली नाहीत: एक्झॉस्ट कुठल्या बाजूला निघतो? घोडं तिथेच पेंड खातं.

एमजीबीच्या मूळ इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डाव्या अंगाला आहेत. उजव्या अंगाला डिस्ट्रिब्युटर, तेलाचा फिल्टर आणि त्याच्या बाजूने खाली जाणारा तुमचा स्टिअरिंग कॉलम. म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत गरम बाजू एकीकडे आणि स्टिअरिंग दुसरीकडे, छान सुटसुटीत. पसाटचं इंजिन लांबीत उभं बसतं हे खरं, पण त्याचा टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, उजवीकडे आहे. म्हणजे नेमका स्टिअरिंग कॉलमवर. आणि नुसता कॉलम असता तरी वळण काढता आलं असतं, पण त्याच कोपऱ्यात, बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला), ब्रेक आणि क्लचचे मास्टर सिलिंडर आहेत, पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारे. जोर लावल्यावर टर्बाइनमध्ये शिरणारा वायू ९०० अंश सेल्सियसच्या घरात असतो. डॉट-४ ब्रेक ऑइल नवंकोरं असताना २३० अंशांना उकळायला लागलं तरी मानकात बसतं, आणि ओल धरलेलं असेल तर १५५ लाच. वेल्सच्या घाटात उतरताना पेडल जमिनीला टेकलं की आत्मा कार्बोरेटरात होता की पिस्टनमध्ये ही चर्चा तिथेच संपेल.

करता येत नाही असं नाही. टर्बो उंच-सखल हलवायला वेगळा मॅनिफोल्ड, कॉलममध्ये जादा जॉइंट, उष्णतेचे पत्रे, मास्टर सिलिंडर दुसरीकडे. पण मग ३०० पाउंडांचं इंजिन ३०० चं राहत नाही.

दुसरं, पसाटचा गिअरबॉक्स तुमच्या कामाचा नाही. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी, डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच आहे. म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स शोधा, त्यासाठी ॲडाप्टर प्लेट (इंजिन आणि परका गिअरबॉक्स जोडणारी पाटी), फ्लायव्हील, क्लच, सगळं जुळवा. फोर्डचा टाइप-९ पाच गिअरचा बॉक्स एमजीबीत पुष्कळ जण घालतात. फोर्डच्याच २.८ लिटर कॅप्रीमागेही तो चालला, त्यामुळे तुमच्या २१० ला अगदीच नाजूक नाही. पण पसाटचं इंजिन आणि टाइप-९ यांची सोयरीक तुम्हालाच जुळवायची आहे.

तिसरं: या १.८ टर्बोच्या लांबीत बसणाऱ्या आवृत्तीत तेलाचा चिखल होण्याची जुनी तक्रार आहे. चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) तेल कमी, वर टर्बोची भट्टी, आणि आधीच्या मालकाने साधं तेल घालून बदलायला उशीर केला की गाळणीत डांबर जमतं. चेंबर खोलून तेल ओढणारी गाळणी बघितल्याशिवाय एक पाउंड देऊ नका. तसंही एमजीबीच्या पुढच्या क्रॉसमेंबरशी (इंजिनाखालच्या आडव्या तुळईशी) त्या चेंबरची मारामारी होणारच, म्हणजे तो कापून-जोडून घ्यावाच लागेल.

मी काय केलं? माझ्याही डोळ्यांपुढे आधी हेच इंजिन होतं. नंतर माझदा एमएक्स-५ चं १.८ घेतलं, १८३९ सीसी. ते मुळात मागची चाकं फिरवणाऱ्या गाडीचं, गिअरबॉक्ससकट येतं, ॲडाप्टर नको. आणि मुख्य म्हणजे एक्झॉस्ट डावीकडे! टर्बो मी नंतर जोडला, छोटा. वर्षभर बिनटर्बोचं चालवलं. खरं सांगू? १४० च्या आसपास घोडे एवढ्याशा गाडीला एरवी पुरतात. टर्बो लावला तो हट्टाने.

त्याची स्वतःची खोड एकच. एमएक्स-५ चा गिअरबॉक्स मागच्या बाजूने स्वतःच्या पायावर उभा नसतो. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब पट्टी असते, तिने तो धरलेला असतो. एमजीबीत ती पट्टी येत नाही, त्यामुळे गिअरबॉक्सला आधार नव्याने बनवावा लागतो. माझा पहिला आधार एका वर्कशॉपने बनवून दिला, रबर चुकीचं निवडलं, तिसऱ्या गिअरात पाय सोडला की लिव्हर माझ्या गुडघ्याला येऊन भेटायचा. दुसरा मीच बनवला.

एक्सलची काळजी करू नका. १९७२ च्या गाडीत सॅलिसबरी एक्सल आहे, त्याच घराण्यातला एक्सल कंपनीने व्ही-८ ला लावला होता, आणि त्या इंजिनाचा टॉर्क २६० न्यूटन-मीटरच्या वर होता. फक्त तिथे गुणोत्तर ३.०७ होतं, तुमचं ३.९ आहे. एक्सल तुटणार नाही, पण स्प्रिंगच्या पाट्यांवर पिळवटेल. खालच्या गिअरात एकदम पाय दिला की मागून धडधड येते, त्यासाठी पाट्यांना दांडे लावतात, तेवढे लावा.

आणि पेट्रोल. तुमचा एसयू पंप देतो जेमतेम तीन पीएसआय. इंजेक्शनला लागतात तीन बार, म्हणजे चौदा-पंधरापट. जुन्या रबरी नळ्यांवर हा दाब टाकणं म्हणजे गाडीत आगपेटी घेऊन बसणं. टाकीपासून इंजिनापर्यंत आणि परतीची, दोन्ही लाइनी नव्या. २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनी रबरं असंही खातं, त्यामुळे हे काम इंजिन न बदलताही करायचंच आहे. अल्टरनेटर मूळचा ३४ अँपिअरचा. पंप, ईसीयू, दोन पंखे आणि हेडलाइट एकदम लावले की तो हात टेकतो.

पण सगळ्यात आधी ब्रेक. पुढे डिस्क, मागे ड्रम, ९५ घोड्यांच्या हिशेबाचे. व्ही-८ ला कंपनीनेच पुढच्या डिस्क जाड केल्या. मी इंजिनाला हात लावायच्या आधी ब्रेक केले, सव्वीस महिन्यांतला तेवढा एकच निर्णय मी पहिल्या फटक्यात बरोबर घेतला.

कागदपत्रांचं थोडक्यात. इंजिन नंबर आणि सीसी बदलले की डीव्हीएलएला (इथल्या वाहन नोंदणी खात्याला) कळवून व्ही-५-सी, म्हणजे नोंदणीचा कागद, दुरुस्त करून घ्यायचं. विमा कंपनीला किल्ली फिरवायच्या आधी सांगायचं, नंतर नव्हे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीतून (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीतून) सूट आहे, पण मोठा फेरबदल केला की ती जाते. परक्या कंपनीचं इंजिन हा मोठा फेरबदलच धरा. मी दरवर्षी एमओटी करून घेते. धुराची परीक्षा गाडी आणि इंजिन यांतल्या जुन्याच्या हिशेबाने होते, त्यामुळे १९७२ च्या गाडीला ती अवघड जात नाही.

फियाटवाल्या काकांना: तुमचं निम्मं पटतं. माझं मूळ इंजिन तेल पाजून, गोधडीत गुंडाळून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवलंय. चौकटीला एक छेद दिलेला नाही. उद्या कुणाला परत बसवायचं तर दोन शनिवारांचं काम.

लेथवाला_कोल्हापूर

ताईंनी सगळं सांगितलं. मी फक्त ॲडाप्टर प्लेटचं बोलतो, कारण आमचं आयुष्य त्यात गेलंय. जुन्या जीपांत डिझेल इंजिनं बसवायचा एक जमाना होता, तेव्हा आठवड्याला एक प्लेट करायचो.

लोकांना वाटतं प्लेट म्हणजे भोकं पाडलेली जाड पाटी. भोकं कुणीही पाडेल. खरं काम आहे मधोमध आणण्याचं. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत पाहिजेत. बोल्ट ते करत नाहीत, डॉवेल (घट्ट बसणाऱ्या पिना) करतात. बोल्टच्या भोकाला ढिलाई असतेच. प्लेट लावली, बेलहाऊसिंग (क्लचवरचं आवरण) चढवलं की फ्लायव्हीलवर डायल गेज बसवायचा, क्रँक हाताने फिरवायचा आणि बेलहाऊसिंगच्या मधल्या गोल भोकात काटा किती हलतो ते बघायचं. पूर्ण फेऱ्यात पाच थाऊच्या आत पाहिजे, म्हणजे ०.१३ मिलिमीटर.

एकदा एक जण दुसरीकडून प्लेट करून आणलेली जीप घेऊन आला. तक्रार काय, तर चार महिन्यांत दोनदा पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकाला शाफ्ट टेकतो ते) गेलं आणि गिअर गरम झाल्यावर पडत नाही. डायल लावला तर काटा ०.८ फिरला. म्हणजे मध्य ०.४ ने बाहेर. दिसायला प्लेट आरशासारखी, पॉलिश केलेली. आम्ही जुने डॉवेल काढून ऑफसेट डॉवेल घातले, त्यावर ती जीप अजून गगनबावड्याला जाते.

प्लेट ॲल्युमिनियमची करा किंवा पोलादाची, पण जाडी वाढली तेवढी शाफ्टची लांबी कमी पडते हे विसरू नका. शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरलं पाहिजे. स्टार्टरच्या दातांचं अंतरही तेवढंच सरकतं. सगळे चुकतात ते इथे.

अर्धवट_मेकॅनिक

मी हेक्टरवाला विनोद मागे घेतो. गाडीवाली ताई, टर्बोचं तेल परत येतं ती नळी कशी नेलीत? माझ्या एका प्रयोगात तिथूनच धूर यायचा आणि मी टर्बो बदलत बसलो.

गिरगावची_गाडीवाली

टर्बोतलं तेल दाबाने आत जातं, पण बाहेर येतं ते फक्त स्वतःच्या वजनाने, फेसाळलेलं. त्यामुळे परतीची नळी जाड, सतत उताराची, आणि चेंबरला तेलाच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. मध्ये एक जरी पोट पडलं की तेल साचतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं, आणि माणूस धूर बघून टर्बोला दोष देतो. क्रँककेसचा श्वास कोंडला तरी हेच होतं. तुमचं यातलंच काहीतरी असणार.

सांगली_ते_कव्हेंट्री

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण मध्ये बॉनेट उघडून बसलो होतो.

पसाटचं इंजिन बघायला गेलो. चेंबर खोलू दिला त्यांनी. गाळणी अर्धी काळी, बोटाने खरवडली तर चिक्कीसारखा थर निघाला. तरीही घरी येऊन पुठ्ठ्याचा टर्बो कापला, मापाबरहुकूम, आणि लाकडी चौकटीवर ठेवून कॉलमपाशी धरला. अंतर ३८ मिलिमीटर. मास्टर सिलिंडरपासून वीतभर. बायको टॉर्च धरून उभी होती, म्हणाली, "एवढ्या जवळ तर आपण तवासुद्धा ठेवत नाही." विषय मिटला.

ते इंजिन वाया गेलं नाही. कॅलिफोर्नियातून परत आणलेली डाव्या स्टिअरिंगची एमजीबी असलेला एक जण भेटला. त्याचा कॉलम डावीकडे, म्हणजे उजवी बाजू मोकळी. गाळणीचं सांगूनच त्याच्याशी गाठ घालून दिली.

ब्रेक काढलेत. मागच्या एका ड्रममधला सिलिंडर गळत होता, किती दिवसांपासून देव जाणे. पेट्रोलच्या लाइनी मागवल्या. मूळ इंजिन विकणार नाही, काका, गोधडीसुद्धा काढून ठेवलीय.

या रविवारी नॉटिंगहॅमजवळ एक २००१ ची एमएक्स-५ बघायला जातोय. दोन्ही सिल (दारांखालच्या पट्ट्या) गंजून पोकळ झालेत म्हणून गाडी रस्त्यावर चालणार नाही आणि म्हणूनच स्वस्त आहे. इंजिन चालू होतं असं विकणारा म्हणतो. ताई, तिथे काय बघू?

गिरगावची_गाडीवाली

थंड असताना पोहोचा, आधी गरम करून ठेवलेलं असेल तर परत या. इंजिन सुरू केल्यावर टकटक येते का ऐका. गरम झाल्यावरही राहिली तर भाव पाडा. वॉटर पंपाकडे आणि बेल्टच्या कव्हराखाली ओल आहे का बघा. गिअरबॉक्स दुसऱ्यात टाकून जोर द्या आणि एकदम पाय काढा, लिव्हर बाहेर उडाला तर तो बॉक्स नको.

आणि वायरिंगचा हार्नेस कापू देऊ नका. इंजिन काढणारे लोक घाईत कटर चालवतात. मी ते पाच मिनिटांचं काम निस्तरायला तीन आठवडे जमिनीवर बसले होते.

पेठेतला_फियाटवाला

गोधडी सुती असू द्या. लोकरीची ओल धरते.